समास सोडून लिहावे

दिवाळीची झाडलोट म्हणजे माळ्यावरच्या वस्तूंची वार्षिक परीक्षाच! खांदा कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या जागेत यंदा परीक्षेला बसली ती पणजोबांनी स्वहस्ते लिहिलेली पोथी. लाल फडके सोडून पाहतो, तो पानांच्या कडा कसरीने खाल्लेल्या.

"आता ही ठेवून करायचं काय?" सौभाग्यवतींनी विचारले. मी मान डोलावणार, इतक्यात धाकटी नात म्हणाली, "आजोबा, अक्षर तर एकही गेलेलं नाही!"

हे कसे घडले, याचे उत्तर समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) देऊन ठेवले आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासाचा विषयच लेखनक्रिया! पानाच्या चहूंकडे कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर वाचते, असे ते सांगतात. पान आधी शिसाने आखावे; काना, मात्रा, वेलांटी नीट असावी; ओळीला ओळ खेटू नये; सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. (चष्मेवाल्या वाचकांना हे विशेष पटावे!) बोरू, शाई, सुरी, हिंगूळ यांचा संग्रह करावा आणि शेवटची 'इतिश्री' नटवावी, हेही ते विसरलेले नाहीत.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलायतेतही असा एक अक्षरवेडा होऊन गेला. त्याचे नाव विल्यम मॉरिस (१८३४–१८९६). छापखाने धडधडत असताना या गृहस्थाने १८७० साली आपल्या कवितांची वही स्वतःच्या हाताने लिहिली आणि मित्रांच्या साहाय्याने चित्रांनी व वेलबुट्टीने सजवून एका स्नेह्याच्या पत्नीला वाढदिवसाची भेट दिली. १८९१ मध्ये त्याने केल्म्सकॉट छापखाना काढला. तेव्हाही, समोरासमोरची दोन पाने मिळून एक समजावी आणि समास त्या हिशेबाने सोडावे, हा त्याचा आग्रह होता.

पणजोबांना मॉरिस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. समर्थांचे सांगणे मात्र त्यांनी तंतोतंत पाळले होते.

पोथी परीक्षेत उत्तीर्ण झाली. नव्या फडक्यात बांधून ती आता देवघराच्या फळीवर विसावली आहे. आणि नातीने? पट्टी-पेन्सिल घेऊन, चारी बाजूंनी समास आखून, आपल्या मामाला दिवाळीचे पत्र लिहायला घेतले आहे.