घरट्यातील पंचवीस दिवस

घरटे म्हणजे पक्ष्याचे घर, असे आपण सहज म्हणतो. संध्याकाळी पाखरे घरट्याकडे परततात, अशी वाक्येही आपल्या लेखनात नेहमी येतात. वस्तुतः बहुतेक पक्षी रात्री घरट्यात झोपत नाहीत. ते फांदीवर, वेलींच्या दाट जाळीत किंवा एखाद्या वळचणीला विसावतात. घरटे बांधले जाते ते अंडी व पिल्ले यांच्यासाठी आणि ते काम संपताच ते सोडून दिले जाते. त्यामुळे ‘घर’ या शब्दापेक्षा ‘पाळणा’ हा शब्द त्याला अधिक शोभतो. हा पाळणा कधीकधी आपल्याच गॅलरीतील जास्वंदीवर, अंगणातील मेंदीच्या कुंपणात किंवा जिन्यावरील दिव्याच्या आधाराने बांधला जातो. मग रानात भटकूनही सहसा दिसत नाही असा एका वन्य पक्ष्याचा संसार काही हातांच्या अंतरावरून पाहण्याची संधी घरातील माणसांना लाभते. असा आश्रय घेणाऱ्या पक्ष्यांपैकी लालबुड्या बुलबुलाची ओळख येथे करून घेऊ.

इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद असो की नागपूर, हा पक्षी आपल्या परिसरात नाही असे म्हणणारा विरळाच. आकाराने तो सुमारे वीस सेंटिमीटर असतो. डोके काळे असून त्यावर लहानशी शेंडी असते, अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी असते, शेपटीचे टोक पांढरे असते आणि शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूस लाल रंगाचा ठसठशीत डाग असतो. याच डागावरून त्याला मराठी नाव मिळाले. नर व मादी दिसायला सारखेच असतात. फारसी काव्यात गुलाबासाठी झुरणारा जो बुलबुल आहे, तो मात्र हा नव्हे. तो नाइटिंगेल नावाचा वेगळ्याच कुळातील पक्षी होय. आपल्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातही असाच घोटाळा आहे. १७६६ मध्ये लिनियस याने त्याला ‘काफर’ हे जातिवाचक नाव दिले, कारण तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील पक्षी आहे अशी त्याची समजूत होती. तेथे हा पक्षी मुळात नाहीच. पण नामकरणाच्या नियमांनुसार नाव तेच राहिले.

बुलबुलांच्या विणीचा मुख्य हंगाम फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो आणि प्रदेशानुसार पावसाळ्यातही चालू राहतो. जागेची निवड हा साऱ्या खटाटोपातील पहिला व निर्णायक भाग आहे. जोडी काही दिवस एकाच झुडपाभोवती घुटमळते, आत शिरते, बाहेर येते आणि मान वाकडी करून वर पाहते. नंतर बारीक काटक्या, वाळलेले देठ व मुळ्या यांची ने-आण सुरू होते. काटक्या एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून कोळ्याच्या जाळ्याचे तंतू वापरले जातात. आतील अस्तर मऊ मुळ्यांचे व गवताचे असते. शहरात सुतळीचे धागे आणि तारेचे तुकडेही या बांधकामात आढळतात. आठवड्याच्या आत जी वस्तू तयार होते ती तळहातावर मावेल एवढी उथळ वाटी असते. पक्ष्याजवळ अवजार एकच, ते म्हणजे चोच. आणि साचा म्हणजे स्वतःची छाती. वाटीत बसून, छातीने दाबत गोल फिरत तो तिला आकार देतो. म्हणूनच वाटी त्याच्या अंगाबरोबर बेतलेली असते.

या वाटीत रोज एक याप्रमाणे दोन किंवा तीन अंडी घातली जातात. ती फिकट गुलाबी असून त्यांवर तांबूस-तपकिरी ठिपके असतात व रुंद टोकाकडे ते अधिक दाट होतात. उबवण्याच्या काळात पक्ष्याच्या पोटावरील पिसे विरळ होऊन उघडी, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी अंड्यांना टेकते आणि उष्णता थेट पोचते. अधूनमधून पक्षी उठून चोचीने अंडी फिरवतो. तसे न केल्यास आतील पापुद्रे कवचाला चिकटून वाढ खुंटण्याचा धोका असतो. उबवणे म्हणजे ऊब देणे, एवढाच अर्थ मात्र आपल्या उन्हाळ्यात पुरत नाही. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी अंडी थंड राखणे हेच मोठे काम होते. अशा वेळी पक्षी वाटीच्या काठावर उभा राहून, पंख किंचित पसरून अंड्यांवर सावली धरतो. चोच उघडी टाकून धापा देणारा तो पक्षी पाहिला म्हणजे या कष्टांची कल्पना येते.

सुमारे बारा ते चौदा दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. चोचीच्या टोकावरील एका टणक उंचवट्याने ती कवच आतून फोडतात. लगेच मोठे पक्षी कवचाचे तुकडे उचलून दूर टाकतात किंवा खाऊन टाकतात. ही नुसती स्वच्छतेची आवड आहे काय? निको टिनबर्गन या शास्त्रज्ञाने कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत प्रयोग करून १९६२ मध्ये दाखवून दिले, की फुटक्या कवचाचा आतील पांढरा भाग दुरून दिसतो आणि त्यामुळे कावळ्यांना आसपासची अंडी सापडतात. तुकडे जितके लांब, तितका धोका कमी.

नुकतेच जन्मलेले पिल्लू पाहून अनेकांना धक्का बसतो. अंगावर पिसे नाहीत, डोळे मिटलेले, पोट फुगलेले आणि मान डोक्याचे ओझे न पेलणारी. कोंबडीची पिल्ले जन्मतःच दाणे टिपू लागतात, हे मात्र सर्वस्वी परावलंबी असते. त्याला एकच गोष्ट उत्तम येते, ती म्हणजे तोंड उघडणे. घरट्याला किंचित हादरा बसला की सगळ्या माना एकदम वर होतात. आरंभीच्या दिवसांत आपण फांदीला धक्का लावला तरी पिल्ले आ वासतात, कारण हादरा म्हणजे अन्न एवढेच त्यांना ठाऊक असते. डोळे उघडल्यावर हे बदलते आणि माना आई-बापांच्या दिशेने वळू लागतात. टिनबर्गन यांनीच कस्तूर पक्ष्याच्या पिल्लांत हा बदल टप्प्याटप्प्याने तपासला होता. पुढे १९७३ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल त्यांना आणखी दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

मोठा बुलबुल मुख्यतः फळे खातो. वड, पिंपळ, घाणेरी यांची फळे तो आवडीने खातो. पिल्लांसाठी मात्र त्याला सुरुवातीस किड्यांमागे धावावे लागते, कारण झपाट्याने वाढणाऱ्या शरीराला प्रथिने हवी असतात आणि ती फळांतून पुरेशी मिळत नाहीत. नर व मादी दोघेही दिवसभर आळ्या, नाकतोडे, कोळी, पतंग आणत राहतात. पिल्ले थोडी मोठी झाली की फळांचे तुकडेही येऊ लागतात.

वाटणी कशी होते हे पाहण्यासारखे आहे. मोठा पक्षी कोणाचे नाव लक्षात ठेवत नाही आणि पाळीही लावत नाही. जे तोंड सर्वांत उंच व सर्वांत आधी समोर येते, त्यात घास पडतो. पण घास पडल्यावरही तो क्षणभर थांबून त्या तोंडात निरखून पाहतो. पोट भरलेले पिल्लू घास चटकन गिळू शकत नाही. घास घशातच राहिला तर तो परत काढून घेतला जातो आणि शेजारच्या तोंडात जातो. अन्न मुबलक असेपर्यंत या पद्धतीने सर्वांना न्याय मिळतो. मात्र टंचाई आली, सलग दोन दिवस पावसाची झड लागली, की ज्याची मान सर्वांत खाली राहते ते पिल्लू मागे पडते आणि बहुधा दगावते. पाहणाऱ्याला हे फार कठोर वाटते. आई-बाप दुबळ्याला आधी का भरवत नाहीत, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. एवढेच उत्तर देता येते, की अपुरे अन्न तिघांत सारखे वाटले तर तिघेही अशक्त राहण्याची भीती असते.

भरवून झाल्यावर पक्षी तेथेच घुटमळतो, कारण त्याला विष्ठेची वाट पाहायची असते. पिल्लाची विष्ठा पातळ आवरणाच्या पिशवीत बंद होऊन बाहेर येते. मोठे पक्षी ती गिळून टाकतात किंवा चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. घरटे कोरडे व वासरहित ठेवण्याची ही सोय आहे.

हा सारा वेग कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. जेमतेम दोन-तीन ग्रॅमचा गोळा दोन आठवड्यांच्या आत पिसे फुटून घरटे सोडतो. याचे कारण धोक्यात आहे. उघड्या वाटीसारख्या घरट्यांपैकी बरीच घरटी पिल्ले बाहेर पडण्यापूर्वीच उद्ध्वस्त होतात. कावळा, भारद्वाज, सरडा, साप, मांजर या साऱ्यांना ती ठाऊक असतात आणि पिल्ले जितकी मोठी होतात तितका त्यांचा आवाज व आई-बापांच्या फेऱ्या शत्रूचे लक्ष अधिक वेधून घेतात. घरट्यातील प्रत्येक दिवस जोखमीचा असल्याने ते दिवस कमीत कमी ठेवणे हेच पिल्लांच्या हिताचे असते. माणसाच्या वावरामुळे कावळे व भारद्वाज थोडे बिचकतात आणि त्याचा लाभ गॅलरीतील घरट्याला मिळतो.

परंतु तोच माणूस नकळत घात करू शकतो. घरट्यापाशी वारंवार उभे राहणाऱ्या माणसाकडे कावळा समोरच्या तारेवरून पाहत असतो. छायाचित्र नीट यावे म्हणून आड येणारी पाने कापणे तर अक्षम्यच होय, कारण त्या पानांची सावली आणि आडोसा दोन्ही जातात. छायाचित्रणाच्या अनेक स्पर्धांत घरट्यावरील चित्रे स्वीकारली जात नाहीत, ती याचसाठी. बांधकाम चालू असताना किंवा अंडी नुकतीच घातलेली असताना त्रास झाला तर जोडी ती जागा सहज सोडते. पिल्ले मोठी झाल्यावर ती तितक्या सहज हटत नाही. म्हणून आरंभीचे दिवस विशेष जपावेत. निरीक्षण खिडकीच्या आडून, थोड्या अंतरावरून करावे. वहीत वेळ, फेऱ्या आणि आणलेला घास यांची नोंद ठेवावी. १९३० मध्ये सलीम अली यांनी कोकणातील किहीम येथे सुगरणींच्या घरट्यांचे निरीक्षण करून त्या पक्ष्याच्या विणीची रीत उलगडली, ती अशाच चिकाटीने. घरटे खोलीत असेल तर पंखा बंद आणि एक खिडकी उघडी, एवढे पंचवीस दिवस सोसावे लागते. आपल्या कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे आणि घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश केलेला आहे.

घरातील मांजर कोंडून ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे. कावळ्याला हाकलावे की नाही, याचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. टाळी वाजवून त्याला उडवणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण त्याच दिवसांत कावळ्याच्या घरट्यातही पिल्ले असतात, हेही विसरता येत नाही.

बाराव्या दिवसाच्या आसपास पिल्ले काठावर येऊन बसतात आणि एका सकाळी घरटे रिकामे दिसते. या वेळी त्यांची शेपूट आखूड असते व धड उडताही येत नाही. ती झुडपात, कधी जमिनीवर बसून ओरडत राहतात. अशा पिल्लाला ‘वाचवण्यासाठी’ उचलून घरात आणणे ही सर्वांत मोठी चूक होय. आई-बाप जवळच असतात आणि पुढेही काही दिवस त्याला भरवत असतात. धोका वाटल्यास त्याला जवळच्या फांदीवर ठेवून आपण दूर व्हावे. पिसे न फुटलेले पिल्लू खाली पडले असेल तर ते हळुवारपणे घरट्यात परत ठेवावे. घरटेच मोडले असेल, तर भोके असलेल्या लहान परडीत वाळके गवत घालून ती त्याच जागी बांधावी. माणसाचा हात लागलेले पिल्लू पक्षी टाकून देतात, हा रूढ समज खरा नाही. मात्र त्याच्या चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. दूध-पोळीही भरवू नये.

हंगाम उरला असेल तर तीच जोडी पुन्हा वीण करते, पण त्यासाठी सहसा नवे घरटे बांधते. कोणीही परतत नाही याची आठवडाभर खात्री करून घेतल्यावर जुने घरटे उतरवून कागदावर उलगडावे. किती काटक्या, कोणत्या मुळ्या, आपल्याच घरातला कोणता धागा, हे तेव्हा मोजता येते.