मुंबईस प्रथमच जाणारांस

(नभोवाणीवरील भाषण)



मोडनिंबच्या शाळेंत मीं पुष्कळ वर्षें मुलांस भूगोल शिकविला. मुंबई शिकवावयाची म्हणजे नकाशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक टिंब दाखवावयाचें आणि ‘राज्याची राजधानी व मोठें बंदर’ एवढें सांगून पुढें जावयाचें, हा माझा परिपाठ होता. पुढें त्याच मुलांपैकीं कोणी नोकरीसाठीं, कोणी शिक्षणासाठीं, तर कोणी घरांतील आजारी माणसास घेऊन त्या टिंबाकडे जाऊं लागले. निघण्याच्या आदल्या दिवशीं ते मजकडे येत आणि विचारीत, “गुरुजी, मुंबईंत आमचा निभाव लागेल काय?” या प्रश्नाचें उत्तर पाठ्यपुस्तकांत नव्हतें. तें मला मुंबईनेंच शिकविलें, आणि त्यासाठीं प्रथम माझी फजिती व्हावी लागली.

माझ्या थोरल्या बंधूंस परळच्या टाटा रुग्णालयांत औषधोपचारासाठीं ठेविलें होतें. एके सकाळीं त्यांच्या तपासणीचे कागद घेऊन मी बोरीबंदरास, म्हणजे आतांच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर, पहिली दिसली त्या लोकलमध्यें बसलों. पाहतां पाहतां परळचा फलाट डोळ्यांपुढून निघून गेला आणि गाडी कांहीं थांबली नाहीं. माझी मुद्रा पाहून शेजारचा एक तरुण म्हणाला, “काका, ही फास्ट आहे, परळला थांबत नाहीं. दादरला उतरा आणि मागें जाणारी स्लो धरा.” त्यानें मला दादरला उतरवून योग्य त्या जिन्यापर्यंत आणून पोहोंचविलें, आणि मी आभार मानण्यापूर्वींच तो गर्दींत दिसेनासा झाला. त्या दिवसापासून मी मुंबईचा नकाशा नव्यानें वाचूं लागलों. जें उमगलें तें आज थोडक्यांत सांगतों.

मुंबई समजून घ्यावयाची तर प्रथम तिचा आकार ध्यानांत घ्यावा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम अशीं सात बेटें एके काळीं येथें होतीं. भरतीच्या वेळीं त्यांच्यामधून समुद्राचें पाणी खेळे. कोळी लोक हे येथील जुने रहिवासी, आणि त्यांच्या मुंबादेवीवरूनच शहरास नांव मिळालें. इ. स. १६६१ च्या तहानें पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर हीं बेटें इंग्लंडच्या राजास आंदण मिळालीं. १६६८ सालीं त्यानें तीं वर्षाला दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलीं. त्यानंतर समुद्र मागें सारण्याचें काम चालू झालें. वरळीकडील खिंडार बुजविणारा हॉर्नबीचा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला. कुलाब्यास जोडणारा रस्ता १८३८ सालीं झाला. माहीम व वांद्रे यांमधील रस्ता १८४५ सालीं खुला झाला, आणि त्यासाठीं सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं पदरचे पैसे दिले. मरीन ड्राइव्ह भरावावर आहे, नरीमन पॉइंट भरावावर आहे, आणि २०२४ सालीं खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गाचा मोठा भागही भरावावरच आहे.

अशा रीतीनें जी भूमि तयार झाली ती दक्षिणोत्तर लांब आणि रुंदीस अरुंद. पसरावयास जागा उत्तरेकडेच होती, म्हणून शहर उत्तरेकडे वाढलें आणि आगगाडीचे रूळही त्याच दिशेस गेले. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली आगगाडी धांवली, आणि आजही मुंबईची सारी हालचाल रुळांच्या कडेनेंच चालते. चर्चगेटहून विरारकडे जातो तो पश्चिम मार्ग. बोरीबंदराहून कल्याणकडे जातो तो मध्य मार्ग, व तेथूनच बंदराच्या बाजूनें पनवेलकडे जातो तो हार्बर मार्ग. पश्चिम व मध्य या दोन मार्गांची भेट दादर येथें होते, म्हणून दादर हें नांव नवख्यानें पाठच करावें.

यांतून तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली ही कीं, पत्ता विचारतांना स्थानकाचें नांव पुरेसें नसतें. पूर्व कीं पश्चिम हेंही विचारावें. रुळांच्या एका अंगास दादर पूर्व व दुसऱ्या अंगास दादर पश्चिम, आणि चुकीच्या बाजूस उतरलेला मनुष्य ओझें घेऊन पुन्हां पूल चढतो. दुसरी ही कीं, बसण्यापूर्वीं गाडी जलद आहे कीं धीमी हें फलकावर पाहावें. आणि तिसरी ही कीं, सकाळीं लोकांचा लोंढा दक्षिणेकडे व संध्याकाळीं उत्तरेकडे वाहतो. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसास घेऊन त्या लोंढ्यांत शिरूं नये. दुपारची वेळ धरावी. दिशा चुकल्यास सूर्याकडे पाहावें. तो ज्या बाजूस मावळतो ती अरबी समुद्राची व चौपाटीची बाजू. उगवतो ती बंदराची. गेटवे ऑफ इंडिया बंदराच्या अंगास आहे, म्हणून तेथें सूर्योदय पाहावयास मिळतो व मरीन ड्राइव्हवर सूर्यास्त.

आतां हवेविषयीं. सोलापुराहून रात्रीं निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस आपण कुर्डुवाडीस धरतों. पहांटे बोरघाट उतरून गाडी कर्जतेस आली कीं खिडकींतून येणारा वारा अंगास चिकटतो, आणि तेव्हांच समजावें कीं देश संपला, कोंकण लागलें. आमच्याकडे वैशाखांत पारा बेचाळिसांवर जातो, परंतु लिंबाच्या सावलींत बसलें कीं घाम वाळून जिवास बरें वाटतें. मुंबईंत पारा बहुधा पस्तिशीच्या आंतच असतो, पण हवेंत पाण्याची वाफ इतकी असते कीं घाम वाळतच नाहीं. म्हणून तेथील ऊन दिसतें त्यापेक्षां अधिक थकवितें. सुती व सैल कपडे वापरावे आणि तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी प्यावें. दुपारीं जमीन तापली म्हणजे समुद्रावरून वारा सुटतो व संध्याकाळ सुखाची होते. त्या वेळीं गिरगांव चौपाटीवर तासभर बसावें. त्यास पैसा पडत नाहीं.

पावसाची गोष्ट मात्र गंभीरपणें घ्यावी. सोलापूर जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें साडेपांचशें मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे आमचा दीड वर्षाहून अधिक पाऊस एका दिवसांत! शेंकडों माणसें त्यांत दगावलीं. शहराचा बराच भाग समुद्र हटवून केलेला, म्हणून सखल. पावसाचें पाणी गटारांतून समुद्रांत जावयाचें, पण भरती असली कीं समुद्र तें आंत घेत नाहीं. मग हिंदमाता, शीव, कुर्ला अशा ठिकाणीं पाणी तुंबतें. आमच्याकडे पाऊस किती झाला एवढेंच विचारतात. मुंबईंत भरती केव्हां आहे हेंही विचारावें लागतें. मोठा पाऊस असेल त्या दिवशीं, जेथें असाल तेथेंच थांबावें. आम्ही दुष्काळी मुलखांतले, पावसास भिण्याची आम्हांस संवय नाहीं, म्हणून हें मुद्दाम सांगतों.

राहण्याची अडचण ही मुंबईची सर्वांत जुनी अडचण होय. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं कापडाच्या गिरणीची कंपनी काढली, आणि पुढें लालबाग, परळ, वरळी हा भाग गिरणगांव झाला. कोंकणांतून व घाटावरून आलेले कामगार एकेका खोलींत दहा-दहा, पंधरा-पंधरा राहत व पाळीपाळीनें निजत. खानावळ चालविणाऱ्या बायांनीं त्यांस घरचें जेवण दिलें. त्याच बायांची अन्नपूर्णा ही संघटना १९७५ सालीं उभी राहिली. वाटेगांवाहून पायीं आलेले अण्णा भाऊ साठे आणि आमच्या बार्शीचे अमर शेख यांची शाहिरी याच वस्तींत घुमली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि आज तेथें कांचेचे मनोरे उभे आहेत. सोलापुरानेंही गिरण्या बंद पडण्याचें दुःख पाहिलें असल्यामुळें मला तें परकें वाटत नाहीं. नवख्यानें एवढें करावें कीं, उतरण्याच्या जागेचा पक्का पत्ता हातीं असल्यावांचून निघूं नये. रुग्ण व त्यांचे नातलग यांस आसरा देणारी गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा दादर येथें आहे. तिची चौकशी आधीं करावी. पंढरीच्या वाटेवर हातांत खराटा घेतलेल्या त्या पुरुषाचें नांव परक्या शहरांत वाचतांना मला धीर आला होता.

तर माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचें उत्तर असें. मुंबई ही आयती मिळालेली भूमि नव्हे. ती टोपलीटोपलीनें भरलेली आहे, आणि भरणारे बहुतेक बाहेरून आलेले होते. तेथील कोळ्यांचा मान राखावा, रांगेंत उभें राहावें, विचारण्यास लाजूं नये, आणि थोडा काळ जाऊं द्यावा. निभाव लागतो. कधीं काळीं तुमचेही पाय तेथें स्थिर होतील. त्या वेळीं एखादा भांबावलेला मनुष्य हातांत कागद घेऊन चुकीच्या गाडींत बसलेला दिसेल. त्यास दादरला उतरवून जिन्यापर्यंत नेऊन सोडा, म्हणजे माझ्यावरील एक जुनें ऋण थोडें फिटेल.