मूल कोणाचे नाव घेते?

आईवडिलांकडून हेळसांड किंवा छळ झालेल्या मुलांना अमेरिकेत न्यायालय सरकारच्या ताब्यात देते. मग ती मुले नातेवाइकांकडे, प्रतिपालक कुटुंबात किंवा समूहगृहात राहतात. ही सोय मुळात तात्पुरती. मूल आईवडिलांकडे परत जावे आणि ते जमणारे नसेल, तर दत्तकविधानाने किंवा कायम पालकत्वाने त्याला हक्काचे घर मिळावे, अशी अपेक्षा असते. तरीही २०२१ या एका वर्षात सुमारे १९ हजार मुले केवळ वय भरले म्हणून तिथल्या व्यवस्थेतून बाहेर पडली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आता कोण घेणार, असे तिथे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. ते मोडून काढण्यात याच व्यवस्थेत वाढलेल्या तरुणांचा मोठा वाटा आहे. मोठ्या मुलांसाठी कायमचे कुटुंब शोधायचे असेल, तर या तरुणांना निर्णयात बरोबरीने घ्यावेच लागेल. कारण जी माहिती लागते, ती त्यांच्याचजवळ असते.

समूहगृहातल्या मुलाची फाइल जाडजूड असते. किती वेळा घर बदलले, कोणती औषधे चालू आहेत, कोणत्या शाळेतून नाव कमी झाले, हे सगळे तिच्यात असते. पण दर रविवारी जेवायला बोलावणारी जुनी शेजारीण, खेळाचे प्रशिक्षक किंवा परगावची आत्या तिच्यात सहसा सापडत नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'कॅलिफोर्निया यूथ कनेक्शन' या तरुणांच्या संघटनेने नेमके यावर बोट ठेवले. तिचे सदस्य स्वतः या व्यवस्थेत वाढलेले. त्यांच्या पाठपुराव्यामुळे २००३ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. समूहगृहातल्या दहा वर्षांवरील मुलाला, तुझ्या दृष्टीने महत्त्वाची माणसे कोण, हे विचारणे आणि ती नाती टिकवण्यासाठी प्रयत्न करणे बंधनकारक ठरले.

या एका प्रश्नाने काय साधते? 'वेंडीज वंडरफुल किड्स' या उपक्रमात दत्तक पालक शोधणारा कार्यकर्ता थोड्याच मुलांची जबाबदारी घेतो, त्यांच्याशी वारंवार बोलतो आणि त्यांच्या ओळखीच्या माणसांपासून शोधाला सुरुवात करतो. 'चाइल्ड ट्रेंड्स' या संशोधन संस्थेने मुलांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी करून त्याची पाहणी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपक्रमातल्या मुलांना दत्तक घर मिळण्याची शक्यता उपक्रमाबाहेरच्या गटाच्या १.७ पट होती आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत ती तिप्पट झाली. ज्यांना कोणी घेणार नाही असे ठरवून टाकले होते, त्यांनाच सर्वाधिक लाभ झाला, हे मला फार मोलाचे वाटते.

मुलांना स्वतःचे हित कळत नाही, असा आक्षेप घेतला जातो. दत्तक जायचे का, असे विचारले तर पुष्कळ मुले नाही म्हणतात, हेही खरे. पण त्या नकारामागे बहुधा आईशी बेइमानी होईल किंवा भावंडे तुटतील, ही भीती असते. ती ऐकून घेतली, तर भावंडांच्या भेटी चालू ठेवणारा मार्ग काढता येतो. न ऐकता लादलेले घर मोडण्याचा धोका मात्र राहतो. शिवाय ऐकणे म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे. २०१४ च्या संघीय कायद्याने चौदा वर्षांवरील मुलाला आपली योजना ठरवणाऱ्या गटात स्वतःच्या पसंतीची दोन माणसे घेण्याचा हक्क दिला. त्यातले कोणी मुलाच्या हिताविरुद्ध वागेल असे सबळ कारण असल्यास त्याला नाकारण्याचा अधिकारही राज्याकडे ठेवला.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. निर्णय घेणाऱ्या समित्यांपर्यंत पोहोचतात ते बोलके, शिकलेले, सावरलेले तरुण. तुरुंगात किंवा रस्त्यावर असलेले पोहोचत नाहीत. शिवाय दर सभेत आपले दुःख पुन्हा उगाळायला लावणे हा अन्यायच. म्हणून एकाच चेहऱ्यावर विसंबू नये, गटाला बोलवावे, कामाचे मानधन द्यावे आणि कहाणीऐवजी सल्ला मागावा.

महाराष्ट्राने अशा आवाजाची ताकद पाहिली आहे. गोव्यातील संस्थेत वाढलेल्या अमृता करवंदे या तरुणीला स्पर्धा परीक्षेनंतर कळले की, ज्यांच्या जातीची नोंदच नाही अशा अनाथांसाठी सवलतीची वेगळी सोय नाही. त्यांनी २०१७ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेतली आणि जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनाथांसाठी एक टक्का आरक्षणाचा निर्णय घेतला. संस्थेतल्या मुलाला अठराव्या वर्षी कोणती अडचण येते, हे जिने सोसले तिनेच नेमके सांगितले. तरी असा आवाज आजही कोणाच्या तरी वैयक्तिक धडपडीवर अवलंबून आहे. जिल्ह्याजिल्ह्यात बालसंरक्षणाचे काम पाहणाऱ्या समित्यांनी संस्थांतून बाहेर पडलेल्या तरुणांना कायमची जागा द्यावी आणि दत्तक किंवा प्रतिपालक कुटुंब शोधताना पहिला प्रश्न त्या मुलालाच विचारावा.