मुठीतला माइक, शेपटातले आटे

माऊथ ऑर्गन म्हटले की आपल्याला 'शोले'मधला जय आठवतो. १९७५ च्या त्या चित्रपटात संध्याकाळच्या उदास प्रसंगी ऐकू येणारा तो सूर भानू गुप्ता यांनी वाजवलेला होता. शाळेच्या सहलीत नाही तर गच्चीवरच्या मैफलीत कुणीतरी खिशातून काढून वाजवावे, असे हे आपल्या लेखी एक हळवे, साधेसुधे वाद्य. अमेरिकेतल्या शिकागो शहरात मात्र १९५० च्या सुमारास हेच वाद्य गरजू लागले. इतके, की नुसते ऐकणाऱ्याला सॅक्सोफोनच वाजतो आहे असे वाटावे.

त्याला कारण होते गोंगाट. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातून पोटासाठी शिकागोत आलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांचे ब्लूज संगीत आता गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांतून वाजत होते. गिटारला वीज मिळाली, ड्रम आले आणि त्या कल्लोळात बिचारा हार्मोनिका बुडून गेला. तेव्हा वादकांनी एक स्वस्तातला माइक वाद्यासकट दोन्ही तळव्यांत गच्च धरला आणि त्याची वायर सरळ अॅम्प्लिफायरमध्ये खुपसली. हवा कोंडली, आवाज फाटला आणि त्या फाटक्या आवाजातच एक नवे सौंदर्य सापडले. लिटल वॉल्टर या तरुण वादकाने १२ मे १९५२ रोजी ध्वनिमुद्रित केलेली 'जूक' ही धून त्या वर्षी अमेरिकेच्या 'आर अँड बी' यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

हे माइक संगीतासाठी बनवलेलेच नव्हते. शिकागोच्याच शूर कंपनीने १९४९ मध्ये आणलेला '५२०' हा हिरवा, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा माइक किंवा ओहायो राज्यातल्या अॅस्टॅटिकचा 'जेटी-३०', हे घोषणा करण्यासाठी आणि बिनतारी संदेशांसाठी होते. मुठीत नेमके मावतात, एवढाच त्यांचा गुण. आज जगभरचे हौशी वादक हे जुने माइक शोधून शोधून विकत घेतात. माइक घरी येतो, चकचकीत पुसला जातो आणि मग प्रश्न पडतो की याची वायर जोडायची कुठे? शेपटाकडे आजच्या कुठल्याच पिनेशी जुळणारे काही नसते. नेमक्या याच टप्प्यावर, चांगल्या हेतूने, बरेच माइक मारले जातात.

कसे, ते समजण्यासाठी आत डोकवायला हवे. जेटी-३० मध्ये एक स्फटिक असतो, रोशेल सॉल्टचा. फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या सेनिएत नावाच्या औषधविक्रेत्याने सतराव्या शतकात तयार केलेला हा क्षार म्हणजे बेकिंग पावडरीतल्या क्रीम ऑफ टार्टरचे भावंडच. त्याचा उपयोग तेव्हा जुलाबासाठी होत असे! पुढे १८८० मध्ये प्येर आणि जाक क्युरी या बंधूंनी दाखवून दिले, की असे काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते. वाद्याच्या सुरांनी पडदा हलतो, पडदा स्फटिकाला किंचित वाकवतो आणि वायरीत विद्युतदाब उमटतो. पण साधारण ५५ अंश सेल्सियसच्या पुढे हा स्फटिक कायमचा निकामी होतो. उन्हात उभ्या मोटारीत विसरलेला माइकही त्यामुळे गतप्राण होऊ शकतो, मग शेजारी टेकवलेल्या तापल्या सोल्डरिंग आयर्नची काय कथा! आणि असा स्फटिक आज सहजी बदलून मिळत नाही.

म्हणून वायर जोडण्याचे जे काही करायचे ते माइकच्या बाहेर करावे.

सुदैवाने जुन्या कारागिरांनी सोय करून ठेवली आहे. अशा अनेक माइकच्या शेपटाला आटे असतात आणि मधोमध एक टिकली. आट्यांचा व्यास पाच अष्टमांश इंच, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर, आणि इंचात २७ फेरे. अमेरिकी माइक स्टँडचे आटेही नेमके याच मापाचे. वायरीच्या टोकाला या मापाचे फिरकीचे कनेक्टर बसवले, की माइकमध्ये काहीही न उघडता काम होते. १९४६ मध्ये शिकागोतच सुरू झालेली स्विचक्राफ्ट कंपनी या कनेक्टरांसाठी वादकांमध्ये प्रसिद्ध आहे. वायरीच्या दुसऱ्या टोकाला गिटारचा पाव इंची प्लग. हा प्लग टेलिफोन एक्स्चेंजमधला. ट्रंक कॉलच्या काळात ऑपरेटरबाई ज्या दोऱ्या खटाखट बोर्डात खुपसत, त्यांच्या कुळातला.

अडॅप्टरही मिळतो. त्याच्या एका टोकाला आटे आणि दुसऱ्या टोकाला गिटारच्या वायरीचा प्लग बसेल असे भोक. आयत्या वेळी सोयीचा आहे, पण मला तो आवडत नाही. माइकचे शेपूट त्याने चार बोटे लांबते, प्लगचे वजन त्यावर लोंबते, वाजवताना मनगटाला टोचते आणि दोन जोड झाल्याने खरखरीच्या जागाही दोन होतात. आट्यांचे टोक असलेली स्वतंत्र वायरच बरी. ती बनवताना मधल्या टोकावर सोल्डरचा थेंब किंचित फुगीर ठेवायचा, नाहीतर तो टिकलीला टेकत नाही. बाहेरची जाळी कड्याच्या बारीक स्क्रूखाली घट्ट दाबायची. हा स्क्रू सैल झाला, की स्पीकरमधून भुंग्यासारखी गुणगुण सुरू होते आणि माणूस उगाच माइकवर संशय घेतो.

ज्या माइकची वायर आतूनच जोडलेली असते तिथे ती मुळापासून उपटू नये. वीतभर ठेवून कापावी आणि त्या टोकाला कनेक्टर बसवावे. शेपटाला भोक पाडून पाव इंची सॉकेट बसवण्याची टूम निघाली आहे. दिसते सुटसुटीत, पण ड्रिलचा कीस आत उडतो आणि तो सहजी निघत नाही. आवाज कमी-जास्त करायचे बटण हवे असेल तर तेही माइक आणि वायर यांच्या मध्ये फिरकीने बसणारे मिळते.

आता कुणी म्हणेल, हल्लीच्या मिक्सरला तीन पिनांचे एक्सएलआर असते, तेच का जोडू नये? जोडता येईल, पण वाजणार नाही. स्फटिकाकडून दाब मिळतो, प्रवाह मात्र अगदी क्षीण. गिटारच्या अॅम्प्लिफायरचा रोध दहा लाख ओहम असतो, म्हणून तो फारसे काही ओढून घेत नाही. स्फटिकाला याहून चढा रोध मिळाला तर खर्ज आणखी भरतो. मिक्सरच्या माइक-सॉकेटचा रोध दीड-दोन हजारांच्या घरात. तिथे खर्ज गळून पडतो आणि उरते ती डब्यातल्यासारखी चिरचिर. शिवाय मिक्सरवरची ४८ व्होल्टची 'फँटम' वीज चुकीच्या जोडणीतून थेट स्फटिकावर येऊ शकते. मिक्सर वापरायचाच तर मध्ये चढ्या रोधाचा डीआय बॉक्स हवा.

वायरीची लांबीही महत्त्वाची. शूरसारख्या चुंबकी माइकवर लांब वायर लावली तर तीव्र स्वरांची धार बोथटते. स्फटिकाच्या माइकवर आवाजाची जात तशीच राहते, फक्त तो एकूणच दबतो. चार-पाच मीटर पुष्कळ झाली.

एक गोष्ट मात्र हौसेपेक्षा जिवाची आहे. आट्यांचे ते धातूचे कडे वायरीच्या जाळीतून अॅम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेले असते आणि माइकचे अंग त्या कड्याशी. म्हणजे वादकाचे ओले ओठ आणि तळवे अॅम्प्लिफायरच्या पत्र्यालाच टेकलेले असतात. पूर्वीच्या अमेरिकी अॅम्प्लिफायरना दोनच पिनांचा प्लग असे, अर्थिंग नसे. शिवाय विजेच्या तारेपासून पत्र्याला जोडलेला एक कपॅसिटर असे. तो बिघडला तर झटका थेट तोंडाला. असा जुना संच असेल तर आधी जाणत्या तंत्रज्ञाकडून तो कपॅसिटर काढून घ्यावा, तीन पिनांची, अर्थिंगची वायर घालून घ्यावी आणि ११० व्होल्टचा असेल तर आपल्याकडच्या २३० व्होल्टसाठी योग्य ट्रान्सफॉर्मर लावावा. माइक ओठांशी न्यायचा तो त्यानंतर.