रसभंग नेमका कोठें होतो?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या आंबिवलीच्या घरीं रात्रीं दूरचित्रवाणीसमोर जी बैठक भरते, तींत माझ्या थोरल्या भगिनी अक्का यांचें आसन ठरलेलें असे. एका मालिकेंतील कर्ता मुलगा अपघातांत वारला, त्या रात्रीं पान वाढलें असतांहि अक्कांनीं घास उचलला नाहीं. पुढें तीन महिन्यांनीं तोच मुलगा सुखरूप घरीं परतला. आमचीं मुलें खदखदां हंसलीं. अक्का हंसल्या नाहींत, रागावल्याहि नाहींत. त्या उठल्या आणि आंत जातां जातां एवढेंच म्हणाल्या, "आमचीं माणसें अशीं परत येत नाहींत रे." अक्कांचा स्वतःचा मुलगा जाऊन अकरा वर्षें झालीं. त्या दिवसापासून त्यांनीं ती मालिका पाहिली नाहीं.

माझ्या मुलाला हें अजब वाटलें. तो म्हणाला, "नाना, मालिका ती मालिका, तींत खरेंखोटें काय पाहावयाचें? टाळेबंदींत रामायण पुन्हां लागलें तेव्हां पाण्यावर शिळा तरंगतांना पाहून आत्या हात जोडीत होत्या. तें चाललें, मग हें कां चालूं नये?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, उत्तर देणें मला भाग होतें. तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवूनहि तें सुचावयास चार दिवस लागले, हें कबूल केलें पाहिजे.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन प्रकार सांगितले आहेत. व्यवहारांत घडतें तसें दाखविणें ही लोकधर्मी. रंगभूमीच्या संकेतानें दाखविणें ही नाट्यधर्मी. शेजारीं उभ्या असलेल्या पात्राचें बोलणें दुसऱ्या पात्रास ऐकूं येऊं नये, हा नाट्यधर्मीचाच संकेत. आपल्या वाडवडिलांनीं बालगंधर्वांना स्त्रीवेषांत पाहिलें, आणि समोर पुरुष आहे या जाणिवेनें त्यांचा रस उणावला नाहीं. देवलांच्या 'शारदा' नाटकांत (१८९९) पात्रें ऐन दुःखांत गातात. तरी जरठ-कुमारी विवाहाचें तें चित्र समाजाला चटका लावून गेलें. तेव्हां हुबेहूबपणा ही कांहीं आस्वादाची अट नव्हे. संकेत आरंभींच ठरला आणि शेवटपर्यंत पाळला, कीं प्रेक्षक त्याला आनंदानें मान देतो.

मग रस बिघडतो कशानें? सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं काश्मीरच्या अभिनवगुप्तानें नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेंत रसास्वादाचीं सात विघ्नें सांगितलीं. त्यांतलें पहिलें विघ्न म्हणजे संभावनेचा अभाव. समोरची गोष्ट घडूं शकेल असें मनाला वाटलेंच नाहीं, तर चित्त तेथें विसावेल कसें? उपायहि त्यानेंच सांगितला आहे. कथा लोकसामान्य गोष्टींची असावी, म्हणजे हृदयाला ती पटते. आणि अलौकिक कृत्यें दाखवावयाचीं असतील, तर रामादिकांसारखीं, ज्यांची कीर्ति मनांत खोल रुजली आहे अशीं नांवें घ्यावीं. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानेंहि, अशक्य पण पटणारें हें शक्य पण न पटणाऱ्यापेक्षां कवीनें पत्करावें, असाच कौल दिला आहे.

मुलाच्या प्रश्नाचें उत्तर यांत आलें. २५ जानेवारी १९८७ रोजीं रामानंद सागरांची 'रामायण' मालिका सुरू झाली. पुढें तींत शिळा तरंगल्या, तें कोणा भाविकाला खटकलें नाहीं, कारण रामकथेच्या जगाचा तो नियमच आहे. अक्कांच्या मालिकेंतला मुलगा मात्र आमच्यासारख्याच घरांतला, लोकलनें कामावर जाणारा. त्याच्या घरचा मृत्यु आणि आमच्या घरचा मृत्यु एकच, असें मानूनच अक्का रडल्या होत्या. तो नियम मध्येंच बदलला, आणि त्यांचे अश्रु खोटे ठरले.

नियम बदलावयाचा झाला तरी तो आधीं पेरावा लागतो. महाभारतांतला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनहि भर सभेंत नाकारतो. नाटकाच्या नायकाला हें शोभलें नसतें, म्हणून कालिदासानें दुर्वासाचा शाप आणला. शाप चवथ्या अंकाच्या आरंभीं येतो, अव्हेर पांचव्यांत. शाप अलौकिक खरा. परंतु प्रेक्षकाला तो आधींच ठाऊक असल्यामुळें राजाचा राग न येतां दोघांचीहि कींव येते.

अलीकडचें उदाहरण घ्यावयाचें तर 'तुला पाहते रे' या मालिकेचें (२०१८-१९) घेतां येईल. मध्यमवर्गीय घरांतली ईशा आणि वयानें पुष्कळ मोठे असलेले उद्योगपति विक्रांत सरंजामे यांची ती प्रेमकथा. पुढें ईशा ही विक्रांतच्या दिवंगत पत्नीचाच पुनर्जन्म असल्याचें उघड झालें. आमच्या घरांत तेव्हां सरळ दोन तट पडले होते. माझें म्हणणें असें कीं, पुनर्जन्म हा मुळांत दोष नव्हे. बाणभट्टाची 'कादंबरी' सबंध त्यावरच उभी आहे. परंतु तें जग पहिल्यापासूनच शापांचें आणि गंधर्वांचें आहे. घरखर्चाच्या हिशेबानें सुरू झालेल्या कथेंत तो आला कीं प्रेक्षकाला एका गाडींतून दुसरींत चढावें लागतें. कांहीं चढतात, कांहीं फलाटावरच राहतात.

उलट बाजूहि पाहावी. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें, आणि त्याच दशकांत चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका आली. चित्र कृष्णधवल, थाटमाट बेताचा. पण चिमणराव म्हणून दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणून बाळ कर्वे जें करीत, तें त्या त्या स्वभावाला धरून असे. फजिती कितीहि अतिशयोक्त झाली तरी ती चिमणरावांचीच वाटे.

आजच्या लेखकांवर सारा दोष टाकणें अन्यायाचें होईल. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली व तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या विस्तारांत पहिल्या वर्षीं काय लिहिलें तें दहाव्या वर्षीं कोणाला आठवावें? शिवाय रोज एक भाग, दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आंकडे, आणि एखादा नट मध्येंच निघून गेला तर त्याच्या पात्राची तजवीज. कालिदासापाशीं एवढी घाई नव्हती.

आमची सून पहांटे पांचाला उठून डबे करते आणि टिटवाळ्याहून येणारी लोकल गांठते. ओट्याशीं भरजरी साडी नेसून उभी राहिलेली मालिकेंतली सून पाहून ती नुसती हंसते. ती नाट्यधर्मी म्हणून तिनें केव्हांच सोडून दिली आहे. परंतु सुशिक्षित म्हणून दाखविलेली नायिका दाराआड कटकारस्थान ऐकूनहि सहा महिने घरांत कोणाला एक अक्षर बोलत नाहीं, तेव्हां मात्र ती चिडते. "एवढी शिकली ती कशाला?" असें ती विचारते. साडीची क्षमा आहे, स्वभावाच्या विसंगतीची नाहीं. माझ्या चार दिवसांच्या विचारांचें सार तिनें एका वाक्यांत सांगितलें.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांस माझी विनंती आहे कीं, मुलांबरोबर मालिका पाहतांना "हें कसें झालें?" असा प्रश्न खुशाल विचारावा. त्यानें करमणूक घटत नाहीं. उलट मुलांची पारख वाढते. आणि कोणी म्हातारें माणूस खोट्या गोष्टीसाठीं खरे अश्रु ढाळीत असेल, तर त्याला हंसूं नये.

अक्का आतां त्या वेळीं देवघरांत वाती वळीत बसतात. मालिका अजून चालू आहे, असें मुलें सांगतात.