किल्ली एकीकडे, सही दुसरीकडे

इथेरियम या ब्लॉकचेनवर व्हॅलिडेटर व्हायचं तर तिथल्या चलनाचे किमान 32 ईथर तारण ठेवावे लागतात. 15 सप्टेंबर 2022 पासून हे जाळं अशा तारणावरच चालतं. व्हॅलिडेटरचं काम सह्यांचं: दर इपॉकला, म्हणजे 6.4 मिनिटांनी, एक साक्ष, आणि पाळी आली की आपल्या स्लॉटमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत, नवा ब्लॉक. या सह्यांची गुप्त किल्ली चोवीस तास इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर ठेवणं म्हणजे तिजोरीची चावी दारातच टांगणं.

म्हणून किल्ली दुसऱ्या संगणकावर ठेवतात. तिथे ‘वेबथ्रीसाइनर’सारखा सही करणारा प्रोग्राम, म्हणजे साइनर, चालतो. व्हॅलिडेटर निरोप धाडतो, ‘या स्लॉटच्या ब्लॉकवर सही हवी.’ साइनर आधी डेटाबेस उघडून बघतो. त्याच स्लॉटसाठी वेगळ्या ब्लॉकवर सही झालेली असेल, तर साफ नकार. नसेल, तर नोंद करून फक्त सही परत पाठवतो. किल्ली जागची हलत नाही. स्लॉट अवघा 12 सेकंदांचा, त्यामुळे दोन्ही यंत्रांमधली जोडणी वेगवान हवी. शिवाय फायरवॉलमधून वाट फक्त आपल्या व्हॅलिडेटरलाच, तीही दोन्हीकडची प्रमाणपत्रं तपासून.

चोरीइतकीच भीती मला अतिकाळजीची वाटते. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून लोक तीच किल्ली घालून दोन साइनर चालवतात, दोघांचे डेटाबेस मात्र वेगळे. मग एकाच स्लॉटसाठी दोन वेगळ्या सह्या होऊ शकतात; तसं झालं की तारण कापलं जातं आणि व्हॅलिडेटर कायमचा बाहेर. डेटाबेस दोघांत एकच हवा. यंत्र बदलताना जुन्या सह्यांची नोंद सोबत न्यावी, जुनं यंत्र खरंच बंद झाल्याची खात्री करावी आणि दोन-तीन इपॉक थांबूनच नवं सुरू करावं.