क्षयजंतूंवरील औषधांची परीक्षा : एकेकट्याने आणि संयोगाने

प्रास्ताविक

क्षय आणि कुष्ठरोग हे दोन्ही रोग मायकोबॅक्टेरियम या एकाच कुळातील जंतूंमुळे होतात. या जंतूंचे कवच मेणचट असते आणि वाढ अत्यंत संथ. क्षयजंतू दुप्पट व्हायला सुमारे २० तास लागतात. त्यामुळे उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि एकाच वेळी अनेक औषधे द्यावी लागतात. या औषधांची परीक्षा प्रयोगशाळेत कशी होते व संयोग का अटळ आहे, याचा प्रस्तुत लेखात थोडक्यात विचार केला आहे.

एकट्या औषधाची परीक्षा

रुग्णाच्या बेडक्यातील जंतू वाढवून ते औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने दुप्पट केलेल्या नळ्यांत सोडतात. ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ थांबते, ती 'किमान रोधक मात्रा' होय. घन माध्यमावर या कामाला कित्येक आठवडे लागतात. जनुकीय तपासणीने मात्र रिफॅम्पिसिनला होणारा विरोध सुमारे दोन तासांत कळतो.

संयोगाची परीक्षा

येथे बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी करतात. एका औषधाची मात्रा आडव्या ओळीत वाढत जाते, दुसऱ्याची उभ्या. समजा, एकटे असताना पहिले औषध ८ व दुसरे ४ मात्रेला जंतू रोखते, पण एकत्र दिल्यास अनुक्रमे २ आणि १ पुरतात. प्रत्येकाचा हिस्सा पाव, बेरीज अर्धा. बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी आली तर औषधे परस्परपूरक, ४ हून अधिक आली तर परस्परविरोधी मानतात.

संयोगामागचे गणित

आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू ढोबळमानाने दहा लाखांत एक, तर रिफॅम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक आढळतो. फुप्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. म्हणजे एकच औषध दिल्यास हट्टी जंतू उरतात आणि तेच वाढतात. दोन्ही औषधांना एकाच वेळी चुकवणारा जंतू मात्र गुणाकाराच्या नियमाने शंभर लाख कोटींत एक. हा गुणाकार आपण वर्गात सहज करून दाखवू शकतो.

ब्रिटनमधील १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच दिसले. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. परंतु अनेकांच्या जंतूंनी औषधाला विरोध निर्माण केला व पुढे हा लाभ बराचसा ओसरला. पॅस या औषधाची जोड दिल्यावर विरोधाचे प्रमाण घटले.

मुंबईचा धडा

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील अभ्यासात १०६ खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ६३ निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या. अचूक योजना लिहिली ती फक्त ६ डॉक्टरांनी. पाठोपाठ हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया व सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणारे चार रुग्ण नोंदवले. त्यांतील तिघांना अनेक डॉक्टरांकडून एकेक औषध वाढवत, बरेचदा चुकीच्या मात्रेत उपचार मिळाले होते. आधीची औषधे निकामी असताना एकच नवे औषध जोडणे म्हणजे ते एकटेच देण्यासारखे होय.

१ मार्च २०१४ पासून क्षयाची औषधे 'एच-१' अनुसूचीत आहेत. दुकान उज्जैनच्या टावर चौकातले असो वा मुंबईच्या दादरचे, चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत व विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. बहुऔषधरोधी क्षयासाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चौघांची सहा महिन्यांची योजना केंद्र शासनाने २०२४ मध्ये मान्य केली. तीही संयोगच आहे.

समारोप

दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि गोळ्या सुटतात. काही वेळा चारांतली 'गरम पडणारी' एखादी गोळी तेवढी वगळली जाते. अशा वेळी उरलेली औषधे एकाकी पडतात आणि हट्टी जंतू घरातल्या इतरांपर्यंत पोहोचतो. आपल्या वर्गात उपचार घेणारा विद्यार्थी असेल, तर त्याची हजेरी सांभाळून घेणे, गुप्तता पाळणे आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत एकही औषध न सोडण्याचा आग्रह धरणे, एवढे आपण अध्यापक निश्चित करू शकतो.